पहिली ते तिसरी : मुलं नेमकं काय शिकतात?

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. 'शिक्षण' हा विषय मिळाल्यावर मी करिअर आणि स्कॉलरशिपवर बोलेन अशी तुमची अपेक्षा असेल. पण मी बोलणार आहे पहिली ते तिसरीच्या मुलांबद्दल. दहावीत दिसणारी अडचण कधी कधी तिसरीतच सुरू झालेली असते, हे मला माझ्याच घरात कळलं.

माझी आपा सांगली जिल्ह्यात राहते. तिचा मुलगा इंग्रजी शाळेत तिसरीत आहे. गणितात त्याला पन्नासपैकी अकरा मार्क पडले. आपाचा फोन आला, "तू इंजिनियर है ना, जरा देख इसकू. ट्यूशन लगाऊं क्या?" दाजींचा गॅरेजचा धंदा. फी भरतानाच त्यांची ओढाताण होते, त्यात ट्यूशन.

ईदच्या सुट्टीत मी त्याला घेऊन बसलो. बावन्नातून सत्तावीस वजा कर म्हटलं, तर हातचा घेऊन बरोबर पंचवीस आणले. सातचा पाढा घडाघडा म्हटला. मग पुस्तकातल्यासारखं एक शाब्दिक उदाहरण इंग्रजीत लिहून दिलं. सलमाकडे 15 बोरं आहेत. तिच्याकडे रेहानपेक्षा 6 जास्त आहेत. तर रेहानकडे किती?

त्यानं लिहिलं, 21.

मी चिडलो. "इतका कसा ढ रे तू?" असं माझ्या तोंडून गेलं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. तो खाली मान घालून म्हणाला, "मामू, मोअर आया तो प्लस करनेका, टीचरने बोलेत."

आमच्या कामात प्रोग्राम चुकला तर आम्ही त्याला शिव्या देत बसत नाही. चूक कुठल्या ओळीवर आहे ते शोधतो. इथं मी ते केलंच नव्हतं. मग मी तेच उदाहरण आमच्या घरच्या बोलीत सांगितलं. "सलमाकने पंधरा बेरां हैं. रेहानसे छे जादा हैं. तो रेहानकने कित्ते?" पोरगं लगेच म्हणालं, "नौ. उसकने कम हैं ना."

म्हणजे गणित त्याला येत होतं. वाक्य कळत नव्हतं. वाक्य कळत नाही म्हणून त्यानं एक शब्द पकडून ठेवला होता.

वेळापत्रकात भाषा, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास असे वेगवेगळे तास असतात. पण या वयात मूल सगळ्या तासांना एकच मोठी गोष्ट शिकत असतं : कागदावरच्या खुणांमधून अर्थ काढायचा आणि आपल्या मनातला अर्थ खुणांमध्ये मांडायचा.

हे सोपं नाही. 63 हा आकडाच बघा. लिहिताना आधी सहा, मग तीन. मराठीत म्हणताना 'त्रेसष्ट', म्हणजे तीन आधी. उर्दू-हिंदीत 'तिरसठ', तिथंही तेच. इंग्रजीत मात्र 'सिक्स्टी थ्री'. आजीकडून एक, आईकडून दुसरं आणि शाळेत तिसरं ऐकणाऱ्या मुलानं 36 लिहिलं, तर त्याला बेफिकीर कसं म्हणायचं? 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. ती पद्धत योग्य की नाही यावर वाद होऊ शकतो. पण मुलांची अडचण खरी होती. थट्टेच्या नादात तिच्यावर फारसं कुणी बोललंच नाही.

आता लिपी बघा. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार. संध्याकाळी मक्तबमध्ये कायदा. तिथं उजवीकडून डावीकडे वाचायचं, अक्षराचं रूप जागेप्रमाणे बदलतं, वर जबर, जेर, पेश. आपल्याकडे सात वर्षांचं मूल एकाच दिवसात तीन लिप्या हाताळतं. कौतुक तर सोडाच, आपल्या ते लक्षातही येत नाही.

यातच एक धोका आहे. अर्थ न कळताही अचूक वाचता येतं, हा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. तिलावतीचं महत्त्व वेगळं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गणित आणि परिसर अभ्यास तसं वाचून चालत नाही. मूल इंग्रजी धडा न अडखळता वाचतं, आपण खूश होतो, फी वसूल झाली असं वाटतं. त्यातलं काय कळलं, हे मात्र विचारत नाही.

परिसर अभ्यासाचंही तेच. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाच्या जिल्हावार आवृत्त्या काढण्यामागे मुलानं आधी आपला जिल्हा, आपली नदी, आपलं पीक ओळखावं हा विचार होता. माझा भाचा रोज कृष्णेच्या पुलावरून शाळेत जातो. पण 'रिव्हर'च्या व्याख्येचा त्या पाण्याशी काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

ही एकट्या माझ्या भाच्याची गोष्ट नाही. 'असर'च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण 27 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये 'निपुण भारत' सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट, मुदत 2026-27.

आपल्या समाजात उर्दू, मराठी की इंग्रजी माध्यम, यावर रात्र-रात्र वाद होतात. मीही ते केले आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की माध्यम कुठलंही निवडा, घरची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवू नका. दखनी असो, कोकणी असो, खानदेशी असो, मूल विचार तिच्यातच करतं. "घरमें भी इंग्लिशमेंच बोलो" हा सल्ला, तोही इंग्रजी नीट न येणाऱ्या आईला देणं, म्हणजे त्या घरातलं बोलणंच बंद करणं आहे.

तुमच्यापैकी बरेच जण मामू, चाचू, खाला, फुफू आहात. आठवड्यातून दोनदा अर्धा तास द्या. मुलानं वाचलेलं त्याला घरच्या भाषेत सांगायला लावा. उत्तर चुकलं तर लगेच "गलत" म्हणू नका, "कैसे किया?" विचारा. आणि सरकारी शाळेत जाणारी मुलं असतील, तर त्यांच्या आई-वडिलांना शाळा व्यवस्थापन समितीत पाठवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथं किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तिथं बसून भिंतीच्या रंगाबरोबर 'मुलांना वाचता येतं का?' हेही विचारा.

भाच्याला पुढच्या चाचणीत पैकीच्या पैकी पडले, असं सांगायला मला आवडलं असतं. पन्नासपैकी एकोणीस पडले. आपानं ट्यूशन लावली नाही, पण काळजी तिला आहेच. मी रविवारी फोन करतो. गेल्या रविवारी त्यानंच मला उदाहरण घातलं : "मामू, नानीकने बीस बांगड्यां हैं. अम्मीसे चार कम हैं. अम्मीकने कित्ते?"

मी मुद्दाम म्हटलं, सोळा.

तो हसला. म्हणाला, "ढ नै बोलता तुमकू. कैसे किये, वो बोलो."