बोलणारा कोण, ऐकणारा कोण?

व्याकरण शिकलेल्या मनुष्यास बहुधा असे वाटते की, भाषा म्हणजे शब्द, शब्दांची रूपे आणि त्या रूपांची वाक्ये. वाक्य शुद्ध उतरले की भाषेचे कार्य संपले. व्यवहारात मात्र एवढ्याने भागत नाही. ‘दार उघडे आहे’ हे साधे वाक्य घ्यावे. थंडीच्या रात्री आजोबांनी नातवास उद्देशून ते उच्चारले, तर ‘ऊठ आणि दार लाव’ असा त्याचा अर्थ होतो. पाहुण्याने ओसरीवरून हाक दिली असता यजमानाने आतून तेच म्हटले, तर ते ‘आत या’ असे आमंत्रण ठरते. मालकाने रागाच्या भरात नोकरास तेच ऐकविले, तर ‘चालता हो’ एवढाच त्यातून बोध व्हावयाचा. शब्द तेच, व्याकरण तेच, अर्थ मात्र तीन. बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्या दोघांचे परस्परांशी नाते काय, हे कळल्यावाचून त्या तिहींतला योग्य अर्थ निवडता येत नाही.

ह्या गोष्टींचा पद्धतशीर विचार करणाऱ्या विद्येस संभाषिताचे शास्त्र असे म्हणता येईल. संभाषित म्हणजे येथे केवळ दोघांच्या गप्पा नव्हेत. अर्ज, निकालपत्र, लग्नपत्रिका, सभेतील भाषण, वर्तमानपत्रातील बातमी, बाजारातील घासाघीस, असा प्रत्यक्ष व्यवहारात वापरलेला भाषेचा कोणताही सलग भाग ह्या शास्त्राच्या कक्षेत येतो. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस ह्यांनी १९५२ साली ह्याच विषयावर निबंध प्रसिद्ध करून, भाषेचा अभ्यास वाक्याच्या कुंपणापलीकडे गेला पाहिजे असे प्रतिपादन केले. पुढे १९५५ साली ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन ह्यांनी हार्वर्ड विद्यापीठात काही व्याख्याने दिली; ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ साली ग्रंथरूपाने निघाली. बोलणे ही स्वतःच एक कृती आहे, हे त्यांचे मुख्य सूत्र. ‘वचन देतो’ असे म्हणताच वचन दिले जाते. निराळे काही करावे लागत नाही. न्यायासनावरून ‘आरोपी दोषी आहे’ असे शब्द निघाले की एका मनुष्याचे आयुष्य पालटते. तेच शब्द कचेरीच्या पायरीवर बसलेल्या बघ्याने काढले तर त्यांस कवडीचीही किंमत नसते. म्हणजे शब्दास बळ येते ते समाजाने बोलणाऱ्यास दिलेल्या अधिकारामुळे.

हा विचार भारतीयांस सर्वस्वी नवा नाही. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, तर राणी, दासी व सेवक प्रायः प्राकृतात बोलतात. विदूषक जातीने ब्राह्मण असला तरी त्याच्या तोंडीही प्राकृतच घातलेली असते. कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी ह्याचे नियम भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितले आहेत. भाषा ऐकून पात्राचे समाजातील स्थान ओळखावे, ही अपेक्षा त्यांत स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात तेराव्या शतकात महानुभाव पंथाने ह्याच्या उलट टोकाचा निर्णय घेतला. संस्कृतात धर्म सांगितला तर सामान्य स्त्रिया त्याला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. कोणाशी बोलावयाचे हे आधी ठरले आणि त्यावरून भाषा ठरली. ग्रंथाची भाषा निवडणे म्हणजे त्याचे वाचक निवडणे होय, हे त्या काळच्या मंडळींस पुरते उमगले होते.

मराठीतील संबोधनांकडे पाहिले तर हेच तत्त्व घरोघरी आढळेल. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ही नुसती सर्वनामे नव्हेत. ती नात्यांची मापे आहेत. जुन्या घरांत आईस ‘तू’ आणि वडिलांस ‘तुम्ही’ म्हणण्याची रीत होती. पत्नी पतीस ‘अहो’ म्हणे आणि पती पत्नीस ‘अगं’. देवास मात्र सर्वच ‘तू’ म्हणत आले आहेत. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन ह्या दोन विद्वानांनी १९६० साली युरोपातील भाषांच्या आधारे असे दाखविले की, अशा सर्वनामांच्या मुळाशी दोन प्रेरणा असतात: एक सत्तेची आणि दुसरी जवळिकीची. आईचा ‘तू’ जवळिकीचा. पण साठीच्या हमालास विशीतला गिऱ्हाईक ‘तू’ म्हणतो आणि हमाल उलट त्यास ‘साहेब, तुम्ही’ म्हणतो, तेव्हा त्या ‘तू’मध्ये जवळिकीचा लेशही नसतो. शब्द एकच, एकदा तो मायेने दिलेला असतो, एकदा मानभंग करून लादलेला असतो. आज पुष्कळ घरांत पतिपत्नी एकमेकांस ‘अरे’, ‘अगं’ म्हणतात. व्याकरणाचे पुस्तक त्यासाठी कोणी बदलले नाही. कुटुंबातील नाते बदलले, आणि सर्वनाम त्याच्या मागोमाग गेले.

भाषा आणि समाज ह्यांचे नाते किती खोल असू शकते, ह्याचे एक विख्यात उदाहरण सांगली जिल्ह्यातीलच आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनी कुपवाड गावातील बोलींचा अभ्यास करून १९७१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या ग्रंथांत ह्या गावाचे नाव पोहोचले. पुढे १९९८ साली हे गाव सांगली व मिरजेसह एकाच महानगरपालिकेत आले. परंतु अभ्यासाच्या काळी ते सुमारे ३,००० वस्तीचे खेडे होते. तेथील जैन जमीनदार आणि लिंगायत कारागीर घरी कानडी बोलत. मुसलमान शेतकरी उर्दू बोलत. दलित व भूमिहीन मजूर मराठी बोलत. दोर वळणाऱ्यांची थोडी घरे तेलुगू बोलत. गावातील बहुतेक पुरुषांस एकाहून अधिक भाषा येत. निरनिराळ्या समाजांच्या माणसांनी एकत्र आल्यावर कोणत्या भाषेत बोलावयाचे, हा प्रश्न तेथे मराठीने सुटला होता. कारण ती जमीन बाळगणाऱ्या दोन्ही बलिष्ठ गटांपैकी एकाचीही घरची भाषा नव्हती. तिचा वापर केल्याने कोणी कोणापुढे नमले, असे होत नसे.

शतकानुशतकांच्या ह्या शेजारामुळे एक विलक्षण गोष्ट घडून आली. शब्द आपापले राहिले, पण वाक्यांची घडण एक झाली. इतकी की, एका भाषेतील वाक्याच्या प्रत्येक अवयवाजागी दुसऱ्या भाषेतील अवयव ठेवीत गेले तरी वाक्य बिनचूक उतरावे. कानडीत मनुष्येतर वस्तूंस नपुंसकलिंग असते. तो संस्कार कुपवाडच्या मराठीवर झाला आणि पूर आल्याचे सांगताना तेथे ‘नदी आली’ ह्याऐवजी ‘नदी आलं’ असे म्हणू लागले. घरच्या भाषेचे शब्द टाकून दिले नाहीत, कारण त्यांवर घराची व जातीची ओळख अवलंबून होती. रोजच्या व्यवहारासाठी व्याकरण मात्र सर्वांनी मिळून सैल केले. वेगळेपण राखण्याची इच्छा आणि एकत्र नांदण्याची गरज, ह्या दोहोंचा समेट त्या वाक्यरचनेत झालेला दिसतो.

आता ‘नदी आलं’ हे वाक्य एखाद्या मुलाच्या निबंधाच्या वहीत आले, तर काय होईल? तांबड्या शाईची रेघ ओढली जाईल. प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. तिच्यावाचून त्या मुलास परीक्षेत व नोकरीत मार्ग मिळणार नाही. परंतु ती रेघ ओढणाऱ्याने हे जाणले पाहिजे की, ते वाक्य अज्ञानातून आलेले नाही. त्यास स्वतःचा नियम आहे आणि इतिहासही आहे. अमेरिकेत विल्यम लबॉव ह्यांनी १९६९ साली कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीविषयी हेच सप्रमाण दाखविले: जिला लोक मोडकी भाषा म्हणत, ती आपल्या नियमांनी पूर्ण बांधलेली होती. ‘तुझे चुकले’ आणि ‘येथे असे लिहितात’ ह्या दोन वाक्यांनी एकच दुरुस्ती होते. पण पहिल्याने मुलास स्वतःच्या आईच्या बोलण्याची लाज वाटू लागते, दुसऱ्याने त्याच्या पदरी आणखी एक भाषा पडते.

हाच विवेक राज्यकारभारासही लागू आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि सरकारी पत्रे मराठीत येऊ लागली. तरी ‘उपरोक्त विषयान्वये आपला अर्ज अमान्य करण्यात आला आहे’ असे पत्र हाती पडले की शेतकरी ते वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जातो. भाषा त्याची असूनही संभाषित त्याचे नसते. शिवाय ह्या वाक्यात कर्ताच नाही. अर्ज कोणी अमान्य केला, कोणत्या कारणास्तव, आणि दाद मागावयाची ती कोणाकडे, हे सारे त्या ‘करण्यात आला’ ह्या प्रयोगाआड लपून राहते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष. नागरिकाच्या दृष्टीने मात्र ती बंद कवाडे होत.

म्हणून ह्या शास्त्राचा उपयोग केवळ पंडितांस आहे असे नाही. बातमी वाचताना तिच्यातील कर्ता शोधावा. सभेत वक्ता ‘आपण’ म्हणतो तेव्हा त्या ‘आपण’मध्ये कोण धरले आहेत व कोण वगळले आहेत, हे पाहावे. दाराशी आलेल्या श्रमिकास ‘तू’ म्हणण्यापूर्वी त्याच्या वयाकडे क्षणभर दृष्टी टाकावी. एवढी सवय अंगी बाणली तरी श्रोत्यांस ह्या विद्येचा पहिला धडा आला असे समजण्यास हरकत नाही. आणि तो गिरविण्यासाठी स्वतःच्या घराइतकी सोयीची शाळा दुसरी नाही.