गेलेली शून्यं



आमच्या ग्रामसंघाच्या खोलीत एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली चालते. सभासदांची नावं आणि बँकेचे खाते क्रमांक आम्ही त्यात ठेवतो. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'सीएसव्ही' असं असतं.

गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर कर्जासाठी यादी दिली, आणि ती बँकेतून परत आली. काही जणींचे खाते क्रमांक चुकले होते. आम्ही लिहिणाऱ्या ताईंवर रागावलो. मग पासबुकं काढून एकेक आकडा ताडला, तेव्हा कळलं. ज्यांचा क्रमांक शून्याने सुरू होतो, त्यांचीच शून्यं गेली होती.

ताईंची चूक नव्हती. फाईलवर दोनदा क्लिक केलं की ती कॅल्कमध्ये, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यात उघडायची. तक्त्याला खाते क्रमांक रकमेसारखा वाटतो, आणि रकमेच्या आधीच्या शून्याला किंमत नसते. ते शून्य तो गाळतो. तसंच सेव्ह केलं की फाईलमधूनही गेलं. पैसे आठवडाभर लांबले. ताईंची आम्ही माफी मागितली.

आता उपाय ऐका. फाईलवर उजवं क्लिक करा. 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'ओपन विथ' वर जा. यादीतून 'टेक्स्ट एडिटर' निवडा आणि 'सेट अॅज डिफॉल्ट' दाबा. झालं. टेक्स्ट एडिटर म्हणजे साधी वही. जे लिहिलं तेच दाखवते, स्वतःचं डोकं चालवत नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा बदल त्या एका फाईलपुरता नसतो, त्या प्रकारच्या सगळ्या फाईलींना लागू होतो. आणि ज्या नावाने आपण संगणकात शिरतो, त्या नावापुरताच असतो. दोघी वेगवेगळ्या नावाने शिरत असतील, तर दोघींनीही करायचा.

बेरीज करायची असेल तर कॅल्क आहेच. उजवं क्लिक करून 'ओपन विथ' मधून तेवढ्यापुरतं उघडा. आधी एक खिडकी येते, तिथे खाते क्रमांकाच्या रकान्याला 'टेक्स्ट' हा प्रकार द्या. शून्यं राहतात.

तरीही यादी देण्याआधी आम्ही दोघी बसतो. एक पासबुक वाचते, दुसरी पडद्यावर बोट ठेवते. तुम्हीही बसा. आणि चूक दिसली, तर बाईला बोल लावण्याआधी फाईल कशात उघडली होती, ते विचारा.