घरात मराठी, शाळेत हिंदी



वैनगंगेकाठच्या बालाघाटात स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. नागपूर-गोंदियाहून आलेल्यांना हा मुलूख परका वाटायचं कारण नाही. १९५६ पर्यंत आपली राजधानी एकच होती, नागपूर. दुपारच्या पंगतीला इथला चिन्नोर तांदळाचा भात आहे, त्यामुळे मी फार वेळ घेणार नाही.

हे संमेलन डॉ. जयंत नारळीकरांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. २० मे २०२५ ला ते पुण्यात गेले. फ्रेड हॉइल यांच्यासोबत मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, पुण्याची ‘आयुका’, पद्मविभूषण, हे सगळं आपण जाणताच. आम्हाला ते आपले वाटतात ते दुसऱ्याच कारणाने. जन्म कोल्हापूरचा, पण वाढले बनारसला. वडील तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. शाळेत हिंदी, घरात मराठी. आमच्या पोरांची आजही हीच तऱ्हा. पुढे केंब्रिज, म्हणजे सगळा कारभार इंग्रजीत. आणि कथा लिहायची वेळ आली तेव्हा या माणसाने घरची भाषा घेतली.

अहमदाबादच्या एका परिसंवादात व्याख्यान कंटाळवाणं चाललं होतं, तेव्हा त्यांनी समोरच्या कागदांवर कथा लिहायला घेतली. (आपल्याही पिशवीत कोरी वही ठेवली आहे, माझ्या भाषणाचा उपयोग झाला तर होऊ द्या!) ‘कृष्णविवर’ ही ती कथा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला ती पाठवताना नाव घातलं नारायण विनायक जगताप. आपलीच आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं! पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झालेला माणूस हा. नाव सांगितलं असतं तर कथा कुणीही डोळे झाकून छापली असती. त्यांना ते नको होतं.

‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ वाचताना पात्रं जरा सपाट वाटतात, अशी तक्रार असते. माझीही आहे. पण त्यातलं विज्ञान चोख आहे, आणि ते समजायला पदवी लागत नाही. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद विज्ञानकथाकाराला मिळालं, ते याच बळावर.

मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आमच्या शाळांतल्या मुलांनीही आपल्यासाठी पोस्टकार्डं लिहिली आहेत, काही मराठीत, काही हिंदीत. ती बाहेरच्या टेबलावर आहेत. जाताना प्रत्येकाने एक तरी उचलावं आणि घरी पोचल्यावर उत्तर मराठीत लिहून पाठवावं, ही विनंती.