एकच सूर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत बोलण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. आपल्या चाळीला रोज सकाळी जो एक सूर ऐकावा लागतो, त्याबद्दल मला बोलायचे आहे.

माझा धाकटा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवतो. गाणे सोडून हा एकच स्वर भोंग्यासारखा काय धरून बसतो, असे मलाही वाटे. नळावर तुम्ही विचारायच्या, "अहो, पुढचा सूर मास्तरांनी शिकवला नाही का?" मी हसायची, पण मनाला लागायचे. एक दिवस त्या वाद्याची तोंडाकडची नळी मी तांदळाच्या डब्यात लपवली. आठ दिवस पोर घरभर शोधत होते. तालमीपुरती दुसऱ्याची उसनी घेई.

मग एक वरात आली. मीही तिथे होते. वरच्या पट्टीत गेला की याचा सूर चिरके. एकदा नव्हे, तीनदा. मास्तरांनी भर रस्त्यात त्याला मागच्या ओळीत धाडले. रात्री तो जेवला नाही. मी डब्यातून नळी काढून पुढे ठेवली. तो चकार शब्द बोलला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते.

"आठ दिवसांत एवढे बिघडते का रे?" मी विचारले. तेव्हा त्याने समजावले. नळीवर एक पातळ पट्टी बांधलेली असते. खालचा ओठ दातांवर दुमडून तिच्याखाली धरायचा, गाल फुगवायचे नाहीत, श्वास पोटातून सोडायचा. सूर अगदी हळू सुरू करायचा, वाढवत न्यायचा, पुन्हा हळू करत विरवायचा, सारे एका श्वासात. यात गंमत अशी की, जोर वाढला की क्लॅरिओनेटचा सूर खाली उतरू पाहतो आणि हळू केला की वर चढतो. बासरीचे नेमके उलटे! तो मोबाईलवर काटा लावून बसतो. काटा हलला की पुन्हा पहिल्यापासून. ओठांच्या कडा दुखून येतात. पण तीच पकड सुटली की वरातीत चिरकायला होते. गाणे वाजवताना बोटांकडे लक्ष जाते, एका सुरात मात्र चूक लपत नाही.

आपण रांगोळीची रेघ ओढतो ना, चिमूट सैल झाली की रेघ जाड, आवळली की तुटकी. तसेच हे. आपले गवईही खर्जाचा रियाज करतात, त्यांना कोणी भोंगा म्हणत नाही. (हे मी घरात म्हणाले, तर आमचे हे म्हणाले, "गवई तुझ्या खिडकीखाली नाही राहत!")

आता पोळ्या लाटताना मी आकडे मोजते. आधी आठाला त्याचा दम संपे, हल्ली वीसपर्यंत जातो. मधला थरथराट कमी झाला, एवढे माझ्याही कानाला कळते. मास्तरांनी अजून त्याला पुढच्या ओळीत घेतलेले नाही.

तो सात ते साडेसात वाजवतो. परीक्षेच्या दिवसांत खिडक्या लावून घेईल. खालच्या आजींना बरे नसेल त्या दिवशी बंद ठेवू. तरी कोणाला त्रास झाला, तर मला सांगा, त्याला नको.