यंत्रमानवाचे सांधे कोण घडविणार?



१९७२ हे वर्ष नगर जिल्ह्याच्या स्मरणात आहे ते भीषण दुष्काळासाठी. परंतु त्याच वर्षी नगरच्या किनेटिक इंजिनीअरिंगची 'लूना' रस्त्यावर आली आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची निर्मिती देशभर फिरू लागली. त्याच वर्षी जपानमध्ये फुजित्सूपासून विभक्त होऊन फानुक ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या तिच्या कारखान्यात २००१ पासून यंत्रमानवच यंत्रमानव घडवीत आले आहेत. दिवसाला सुमारे पन्नास यंत्रमानव आणि महिनाभर माणसाच्या देखरेखीविना चालू शकणारे काम, अशी त्याची ख्याती आहे.

यंत्रच यंत्राला जन्म देऊ लागले, तर आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हाताला काम कोणते, ही चिंता स्वाभाविक आहे. तिचे उत्तर यंत्रमानवाच्या भुजेतच दडलेले आहे.

त्या भुजेच्या प्रत्येक सांध्यात एक मोटर असते आणि तिचा वेग कमी करून जोर वाढविणारी गिअरची पेटी असते. एक मीटर लांबीच्या भुजेच्या मुळाशी, गिअरच्या दात्यांत अंशाच्या केवळ साठाव्या भागाइतका 'प्ले' राहिला, तरी टोकाशी सुमारे ०.३ मिलिमीटर चूक होते. असा हात अचूक जुळणी कशी करणार? म्हणूनच पोलादाची निवड, त्याचे उष्णतासंस्करण, दात्यांचे घासकाम व मोजमाप ही खरी विद्या होय. जुळणी स्वयंचलित झाली, तरी तिची साधने आखणारा आणि बिघाड ओळखणारा माणूसच असतो.

२०२३ मध्ये भारतात ८,५१० औद्योगिक यंत्रमानव बसविले गेले. त्या वर्षी देशाचा जगात सातवा क्रमांक लागला. पुण्यात टाटा समूहाच्या टाल कंपनीने २०१७ मध्ये 'ब्राबो' बाजारात आणून स्वदेशी यंत्रमानव शक्य असल्याचे दाखवून दिले.

जपानी उद्योगांसाठी निवडलेल्या औद्योगिक वसाहतींत पारनेर तालुक्यातील सुपे आहे. तेथे जिल्ह्याने केवळ जमीन आणि मजूर पुरवायचे काय? वाहनांचे गिअर घडविणाऱ्या नगरने यंत्रमानवाच्या सांध्याची विद्या हस्तगत केली पाहिजे. अन्यथा यंत्रमानव येथे येतील, येथेच राबतील. मात्र त्यांचा सांधा निखळला की साऱ्यांच्या नजरा पुन्हा सातासमुद्रापार वळतील.