वन कुणाचे? राखेल त्याचे!



वन म्हटले की शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे सहलीचे ठिकाण येते. वनवासी कुटुंबासाठी मात्र वन म्हणजे घराचे छप्पर, चुलीचे सरपण, मोहाची फुले, औषधी मुळ्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात हाती येणारा पैसा. म्हणूनच वनाचा कारभार कुणाच्या हाती, हा प्रश्न त्याच्या भाकरीचा प्रश्न आहे.

इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ साली वनविषयक कायदे केले. रेल्वेच्या रुळांखालील स्लीपरसाठी त्यांना लाकूड हवे होते. पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणारा समाज या कायद्यांनी अतिक्रमक ठरला. वन सरकारचे झाले, तेव्हा ते राखण्याची गावाची आस्थाही क्षीण होत गेली. जे आपले नाही, ते कोण जपणार? स्वातंत्र्यानंतरही १९२७ चा वन कायदा कायम राहिला. झोपडीसाठी बांबू आणणारा गावकरी दंडास पात्र ठरे आणि कागद गिरण्यांना तोच बांबू करारावर अल्प दरात मिळे.

या अंधारात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या धानोरा तालुक्यातील छोट्या गोंड गावाने दिवा लावला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ गावाला लाभली. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा आणि त्याआधी अभ्यास गटात बसून विषय समजून घ्यायचा, ही शिस्त गावाने स्वतःला लावून घेतली.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याआधारे २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वन खात्याच्याच हाती होता. फळ हाती आले, पण मूठ बांधलेली! बांबू हे झाड की गौण वनोपज, असा वाद घातला गेला. वास्तविक कायद्याने बांबू गौण वनोपजातच मोजला होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. बांबूविक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला आणि तोडणीची मजुरी गावातच मिळू लागली.

या यशाची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. पैसा आला की मोह येतो, ठेकेदार दारी येतो. बांबूच्या बेटातील कोवळे कोंब राखून पक्व बांबूच तोडला, तरच पुढील वर्षी बेट फुटते. याच कायद्याने ग्रामसभेवर वन, वन्यजीव आणि जलस्रोत यांच्या रक्षणाचे दायित्वही टाकले आहे. हक्क घेतला आणि कर्तव्य विसरले, तर गावही कंत्राटदारच ठरेल.

आणि शहरात राहणाऱ्यांचे काय? वनवासी बांधवाविषयी कळवळा पुष्कळांना असतो. त्याला कपडे आणि धान्य द्यायला हात पुढे होतात. परंतु त्याला दानाहून अधिक निकड आहे ती विश्वासाची. आपल्या वनाचा हिशेब तो स्वतः ठेवू शकतो, हे मेंढ्याने सिद्ध केले आहे. कायद्याचा कागद गावागावांत वाचून दाखवणे, दाव्याचे नकाशे काढण्यास साहाय्य करणे आणि निर्णयाच्या वेळी बाजूला उभे राहणे, हीच खरी सेवा होय.