उशी कुठे ठेवायची?

गुडघा बदलून घरी आलो, त्या रात्री ठणका काही थांबेना. आमच्या हिनं मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवली. काय बरं वाटलं! सकाळी व्यायाम शिकवायला आलेल्या ताईंनी आधी ती उशीच काढली. म्हणाल्या, "काका, असा वाकवून ठेवलात तर गुडघा सरळ व्हायचा नाही. उशी टाचेखाली घ्या." टाचेखाली उशी म्हणजे गुडघा अधांतरी. पाच मिनिटांत डोळ्यांत पाणी! हिला बघवेना, ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राही. पण उशी पुन्हा गुडघ्याखाली दिली नाही. सहाव्या आठवड्यात काठी टेकत कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत गेलो. मंडळी, शुश्रूषा म्हणजे नुसतं सुख देणं नव्हे, हे मला त्या उशीनं शिकवलं.